तारीख जलशाची, कागद कधीचा?

बैलबाजारात गेलेला शहाणा माणूस दात पाहिल्याशिवाय सौद्याला बसत नाही. शिंगे रंगवलेली असोत, पाठीवर झूल असो. वय सांगतात ते दात. मग बैलाच्या बदली बैल आणि वर किती रुपये, हे रुमालाखाली बोटे धरून ठरते. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या भाषणात बैल कुठून आला? सांगतो. आज मला गाण्याच्या जलशांच्या भित्तिपत्रकांविषयी, म्हणजे पोस्टरांविषयी, आणि ती जमवणाऱ्यांच्या अदलाबदलीविषयी बोलायचे आहे. कागदाला दात नसतात, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को नावाचे बंदर आहे. १९६६ साली तिथल्या दोन सभागृहांत तरुण मंडळींचे गाण्याबजावण्याचे जलसे नेमाने होऊ लागले. फिलमोर ऑडिटोरियम बिल ग्रॅहॅमकडे होते. हा बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू मुलगा, हिटलरच्या तावडीतून सुटून अमेरिकेत आलेला, हिशेबाला पक्का. दुसरे ॲव्हलॉन बॉलरूम. तिथे चेट हेल्म्स आणि त्याची ‘फॅमिली डॉग’ ही मंडळी जलसे भरवीत. जलसा ठरला की नवे पोस्टर निघे. जाहिरात लांबून वाचता आली पाहिजे, हा धंद्याचा पहिला नियम. या चित्रकारांनी तोच उलटा केला. वेस विल्सनची अक्षरे जाळासारखी वळवळत वर चढत. व्हिक्टर मॉस्कोसो असे रंग शेजारी ठेवी की डोळ्यांपुढे कागद थरथरतो आहे असे वाटे. वाचायला थांबावे लागे, आणि थांबलेला माणूस मग पोस्टरच घरी घेऊन जाई! खांबावर लावले की नाहीसे होई. ग्रॅहॅमच्या हे ध्यानात आले, तसा तो जलशाहून परतणाऱ्यांना पोस्टरे फुकट वाटू लागला.

आठवड्याने रद्दीत जाणारा हा कागद. परंतु मागणी वाढली, तेव्हा जलसा होऊन गेल्यावरही पोस्टरे पुन्हा छापून विकण्यात आली. स्टॅनली माउस आणि आल्टन केली यांचे सप्टेंबर १९६६ मधले पोस्टर घ्या. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या जलशाचे ते. त्यावर गुलाबांचा मुकुट घातलेला हाडांचा सापळा आहे. तो घेतला एडमंड सलिव्हनच्या चित्रावरून, आणि ते चित्र होते उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेले. याच रुबाया आपल्या माधव जूलियनांनी मराठीत आणल्या. असो. हे पोस्टरही पुन्हा छापले गेले. पहिल्या छपाईच्या उत्तम प्रतीला अलीकडे लिलावात लाखाहून अधिक डॉलर आले आहेत. नंतरच्या छपाईला त्या मानाने फारच थोडे. चित्र तेच, गायक तेच, आणि खाली तारीखही तीच!

शिक्षकबंधूंनो, आणि भगिनींनो, इथे जरा थांबा. पोस्टरावरची तारीख जलशाची असते, छपाईची नव्हे. जुन्या सनदेची नक्कल शंभर वर्षांनी कारकुनाने उतरवली, तरी तीत तारीख मूळ सनदेचीच येते. नक्कल खोटी नसते. ती मूळ आहे असे सांगणारा खोटा असतो. जमवणाऱ्यांनी म्हणून एक साधी कसोटी धरली: जलशाच्या आधी छापले ते मूळ, नंतरचे ते पुनर्मुद्रण. एरिक किंग या जाणकाराने एकेका पोस्टराच्या छपाया ओळखण्याच्या खुणा गोळा करून मोठा मार्गदर्शक ग्रंथ केला. कागदाची जाडी, कडेचे बारीक अक्षर, लांबीरुंदीतला थोडासा फरक, हे ते दात. शिवाय भिंग घ्यावे. पोस्टराचा फोटो काढून बनावट प्रत केली असेल, तर जिथे सलग शाई हवी तिथे बारीक ठिपके दिसतात. टाचणीची भोके मात्र पुरावा म्हणून धरू नका. ती कालही पाडता येतात.

आता अदलाबदल. एकास एक म्हणजे न्याय, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. माझ्याकडे पहिल्या छपाईचे फाटके पोस्टर आहे, तुमच्याकडे नंतरचे कोरे करकरीत. एकास एक दिले तर मी बुडालो. पण मला भिंत सजवायची आहे आणि मी सगळे जाणून तुमच्याशी बदल केला, तर माझी तक्रार नाही. लिलावाचा आकडाही जपून वापरावा. तो उत्तम प्रतीचा असतो, आपल्या घडी पडलेल्या प्रतीचा नव्हे. दुरुस्ती केली असेल, कडा कापल्या असतील, रंग भरला असेल, तर ते समोरच्याने विचारण्याआधी सांगावे. दोघांच्या पुढ्यात माल आणि दोघांच्या डोक्यात माहिती सारखी असली, की मग वर किती द्यायचे ते खुशाल ठरवा.

मी हे पोपटपंची करून सांगत नाही. विद्यार्थी असताना मला संगीत नाटकांची हस्तपत्रके जमवण्याचा नाद होता. एका खेड्यात वृद्ध पेटीमास्तर होते. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी एक जुने पत्रक निघाले. मी त्यांना बालगंधर्वांची नवी, काच लावलेली तसबीर दिली आणि पत्रक घेतले. मास्तर इतके खूश झाले की मला चहाशिवाय सोडीनात. पत्रकाचे मोल मला ठाऊक होते. त्यांनी विचारले नाही, मी बोललो नाही.

ते मला बरीच वर्षे टोचत राहिले. शेवटी एका दिवाळीच्या सुटीत पत्रक घेऊन गेलो आणि सारे सांगितले. मास्तरांनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला, आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, “अरे, तेव्हा सांगितलं असतंस तरी मी दिलाच असता. मला तसबीरच हवी होती. पण तू सांगितलं नाहीस, म्हणून आज मला हा देताना विचार करावा लागला.”

ते पत्रक अजून माझ्याकडे आहे. पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: कुणाकडून, कधी, आणि बदल्यात काय.