ट्रिनिटी कॉलेजचे रिकामे वर्ग पुन्हा कसे भरले?

शिक्षणसंस्था काढणे कठीण असते, पण ती चालू ठेवणे त्याहून कठीण असते. इमारतीची कोनशिला बसते तेव्हा हार-तुरे होतात, भाषणे होतात, फोटो निघतात. पन्नास-साठ वर्षांनी त्याच इमारतीत पटावर किती विद्यार्थी आहेत, हा प्रश्न मात्र समारंभात कुणी विचारत नाही. तो प्रश्न संस्थेच्या कचेरीत, हिशेबाच्या वहीसमोर बसून विचारावा लागतो. अमेरिकेतील एका लहानशा कॅथलिक विद्यापीठावर ही वेळ आली होती. त्याने काय केले, याचा इतिहास पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा असा आहे.

अमेरिका हा प्रामुख्याने प्रॉटेस्टंट पंथीयांचा देश. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड, जर्मनी, इटली येथून लाखो गरीब कॅथलिक तेथे आले. त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई. नोकऱ्या हलक्या मिळत, आणि सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट वळणाचे संस्कार होतात अशी त्यांची तक्रार असे. तेव्हा या समाजाने पैशाला पैसा जोडून स्वतःच्या शाळा काढल्या आणि पुढे कॉलेजेही काढली. शिकवायला धर्मगुरू आणि धर्मभगिनी असत. त्यांचा स्वतःचा खर्च अगदी थोडा, म्हणून फी कमी ठेवता येई. हे लक्षात ठेवावे, कारण पुढचे संकट समजायला ते उपयोगी पडेल.

राजधानी वॉशिंग्टन येथे १८८७ साली 'कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका' स्थापन झाली. तेथे मुलींना प्रवेश नव्हता. अर्ज घेऊन आलेल्या मुलींना परत पाठवले जाई. त्याच परिसरात 'सिस्टर्स ऑफ नॉत्र दाम द नामूर' या संघाच्या धर्मभगिनींना मुलींची एक शाळा काढायची होती. हा संघ ज्यूली बिलियार्त या बाईंनी १८०४ साली फ्रान्समध्ये गरीब मुलींना शिकवण्यासाठी काढला होता. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी भगिनींना सुचवले, की शाळा पुष्कळ आहेत, तुम्ही मुलींसाठी कॉलेजच काढा. सिस्टर ज्यूलिया मॅकग्रोअर्टी आणि सिस्टर मेरी युफ्रेझिया यांनी ते मनावर घेतले आणि १८९७ मध्ये ट्रिनिटी कॉलेजची स्थापना झाली.

हे काम सुखासुखी झाले नाही. मुलींना इतके शिकवून काय करायचे, मुलांच्या विद्यापीठाशेजारी मुलींचे कॉलेज शोभते का, असा गदारोळ कॅथलिक समाजातच उठला. तक्रार थेट रोमपर्यंत गेली. भगिनींनी शांतपणे खुलासे केले, परवानगी मिळवली, आणि १९०० साली वर्ग सुरू झाले. म्हणजे शेजारच्या फाटकातून परत पाठवलेल्या मुलींसाठी हे कॉलेज जन्माला आले. या कहाणीचे सगळे मर्म याच एका गोष्टीत आहे.

पुढची साठ-पासष्ट वर्षे चांगली गेली. सुखवस्तू कॅथलिक घराण्यांतील मुली दूरदूरच्या शहरांतून येऊन वसतिगृहात राहत आणि पदवी घेऊन जात. १९६२ साली येथून बाहेर पडलेल्या नॅन्सी पेलोसी २००७ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या पहिल्या महिला सभापती झाल्या. १९७० च्या तुकडीतील कॅथलीन सेबेलियस कॅन्सस राज्याच्या गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झाल्या. १९६९ च्या सुमारास पटावर सुमारे एक हजार मुली होत्या.

आणि त्याच सुमारास पायाखालची जमीन सरकली. येल आणि प्रिन्स्टन यांनी १९६९ साली पदवीच्या वर्गांत मुलींना घ्यायला सुरुवात केली. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन या मोठ्या कॅथलिक विद्यापीठानेही त्याच वर्षी आपले मुख्य कॉलेज मुलींना खुले केले. १९७२ मध्ये नॉत्र दाम विद्यापीठाने तेच केले. ज्या मुली पूर्वी ट्रिनिटीत आल्या असत्या, त्या आता तिकडे गेल्या. यात वाईट काय? काहीच नाही. मुलींना बंद असलेली दारे उघडली, ही आनंदाचीच गोष्ट होती. पण ट्रिनिटीचे वर्ग ओस पडू लागले. त्यातच नव्या धर्मभगिनी मिळेनाशा झाल्या आणि त्यांच्या जागी पगारी प्राध्यापक नेमावे लागले. उत्पन्न घटत गेले आणि खर्च चढत गेला. १९८९ पर्यंत जुन्या पद्धतीच्या पूर्णवेळ वर्गांत तीनशेहून कमी मुली उरल्या.

असे संकट एकट्या ट्रिनिटीवरच आले होते असे नाही. त्याच वॉशिंग्टन शहरात होली क्रॉस संघाच्या भगिनींचे डनबार्टन कॉलेज होते. तेही मुलींचेच आणि कॅथलिकच. ते १९७३ साली बंद पडले. त्याच्या आवारात पुढे हॉवर्ड विद्यापीठाचे विधी महाविद्यालय आले. ट्रिनिटीचेही तसेच होणार, असे अनेकांना वाटत होते.

मग ट्रिनिटी तरली कशी?

पहिली वाट १९८५ मध्ये सापडली. कॉलेजने शनिवार-रविवारचे वर्ग काढले. वॉशिंग्टन हे सरकारी कचेऱ्यांचे शहर. त्या कचेऱ्यांत टंकलेखन, कारकुनी, हिशेब अशी कामे करणाऱ्या हजारो स्त्रिया होत्या. त्यांपैकी कित्येकींचे शिक्षण लग्नामुळे, मुलांमुळे किंवा पैशाअभावी अर्धवट राहिले होते. आठवडाभर कॉलेजात येणे त्यांना शक्य नव्हते, पण सुट्टीच्या दिवशी शक्य होते. त्या आल्या, आणि थोड्याच वर्षांत सुट्टीच्या दिवशीच्या विद्यार्थिनींची संख्या रोजच्या विद्यार्थिनींपेक्षा जास्त झाली. त्यांतील बहुतेक जणी याच शहरातल्या कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. दूरच्या शहरांतून मुली येत नाहीत म्हणून कॉलेज कपाळाला हात लावून बसले होते, तेव्हा शिकण्याची इच्छा असलेल्या या स्त्रिया बसच्या अंतरावर राहत होत्या.

१९८९ साली पॅट्रिशिया मॅकग्वायर या ट्रिनिटीच्याच १९७४ च्या पदवीधर अध्यक्षपदी आल्या. त्या व्यवसायाने वकील होत्या आणि वयाची चाळिशीही त्यांनी गाठली नव्हती. त्यांनी विचार केला, की आया रविवारी येतात तर त्यांच्या मुली सोमवारी का येऊ नयेत? म्हणून त्यांनी आपल्याच शहरातील सरकारी शाळांकडे लक्ष वळवले. त्या शाळांतील बहुसंख्य मुली कृष्णवर्णीय, पुढेपुढे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतल्या, आणि गरीब घरच्या होत्या. त्यांपैकी पुष्कळ जणी कॅथलिकही नव्हत्या.

यावर टीका झाली. काही माजी विद्यार्थिनींना हे आपले कॉलेज वाटेना. त्यांच्या आठवणीतली ट्रिनिटी वेगळी होती. दर्जा खालावेल, धर्माची ओळख पुसली जाईल, असे आक्षेप निघाले. त्यावर साधे उत्तर असे होते, की हा संघ मुळात कोणासाठी निघाला? गरीब मुलींसाठी. हे कॉलेज कोणासाठी निघाले? शेजारच्या दारातून परत पाठवलेल्या मुलींसाठी. १८९७ साली परत पाठवलेली मुलगी आयरिश कॅथलिक होती. शंभर वर्षांनंतरची वेगळ्या वर्णाची, कदाचित वेगळ्या पंथाची होती. तिच्यासाठी दार उघडणे म्हणजे धर्म सोडणे नव्हे, धर्माने सांगितलेले काम पुढे नेणे होय.

परंतु केवळ दार उघडल्याने पट वाढत नाही. येणाऱ्याच्या सोयीने घराची मांडणी बदलावी लागते. ट्रिनिटीने ती कशी बदलली, हे क्रमाने पाहू.

एक, वेळ. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे व सुट्टीच्या दिवसांचे वर्ग कायम ठेवले. मुलींचे मूळ कॉलेज मुलींसाठीच राहिले, पण शिक्षणशास्त्राचे आणि व्यावसायिक अभ्यासक्रम पुरुषांनाही खुले झाले. २००४ मध्ये संस्थेला 'ट्रिनिटी वॉशिंग्टन विद्यापीठ' हे नाव मिळाले.

दोन, जागा. वॉशिंग्टनमध्ये ॲनाकोस्टिया नदीच्या पलीकडे गरीब वस्ती आहे. तेथून कॉलेजपर्यंत येणे-जाणे अवघड, म्हणून कॉलेजच तिकडे गेले. २००५ मध्ये त्या भागात उघडलेल्या एका सामाजिक केंद्रात ट्रिनिटीचे वर्ग भरू लागले.

तीन, पोटापाण्याचा विचार. वाङ्मय, इतिहास हे विषय ठेवलेच, पण त्यांच्या जोडीला परिचारिका व इतर आरोग्यसेवेचे शिक्षण सुरू केले. कुटुंबातून पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या मुलीला पदवीबरोबर नोकरीचा भरवसा हवा असतो. तिच्या आईवडिलांना तर तो त्याहून जास्त हवा असतो.

चार, फी. अमेरिकेत खासगी कॉलेजच्या फीचा आकडा ऐकून माणूस दाराशीच थबकतो. ट्रिनिटीने आपला आकडा शहरातील इतर खासगी विद्यापीठांपेक्षा कमी ठेवला आणि देणगीदारांकडून शिष्यवृत्त्या उभ्या केल्या. लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेली, पण कागदपत्रे नसलेली मुले तेथे पुष्कळ आहेत. त्यांना केंद्र सरकारचे शैक्षणिक साहाय्य मिळत नाही. २०१४ पासून खासगी शिष्यवृत्तीच्या आधारे ट्रिनिटीने अशा मुलींनाही घेतले.

पाच, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, टिकवणे. प्रवेश घेतलेली मुलगी पहिल्याच वर्षी गळाली तर पट वाढल्याचा आनंद कागदावरच राहतो. म्हणून पहिल्या वर्षाचा अभ्यास नव्याने आखला. वाचन, लेखन आणि गणित यांचा पाया पक्का करण्यावर भर दिला. ज्या शाळेतून मुलगी आली त्या शाळेला दोष देत बसण्यापेक्षा, जे राहून गेले ते भरून काढणे हे आपले काम मानले. आम्ही शिक्षक मंडळींनी हा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा.

याचा परिणाम दिसला. २०१० नंतरच्या दशकात एकूण विद्यार्थीसंख्या दोन हजारांच्या वर गेली. २०१६ मध्ये विद्यापीठाने नवी शैक्षणिक इमारत उभी केली. मॅकग्वायरबाई तब्बल छत्तीस वर्षे अध्यक्षपदी राहून २०२५ मध्ये निवृत्त झाल्या.

मात्र ही परीकथा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. गरीब विद्यार्थ्यांवर चालणारी संस्था श्रीमंत होत नाही. मुलींना घर, नोकरी आणि कित्येकींना लहान मूल सांभाळून शिकावे लागते. त्यामुळे चार वर्षांची पदवी अनेकींना सहा-सात वर्षे पुरते. शिवाय २००७ नंतर अमेरिकेत जन्मदर घटत गेला, त्यामुळे कॉलेजच्या वयाची मुलेच आता कमी होत आहेत. कॅलिफोर्नियातील होली नेम्स हे १८६८ सालचे कॅथलिक विद्यापीठ २०२३ मध्ये बंद झाले. पेनसिल्व्हेनियातील कॅब्रिनी विद्यापीठ २०२४ मध्ये बंद झाले. एकदा सापडलेली वाट कायमची पुरत नाही, ती पुन्हापुन्हा शोधावी लागते.

तरीसुद्धा या इतिहासातून घेण्यासारखे बरेच आहे. पट घसरला की संस्था सहसा जाहिरात करते, इमारतीला रंग देते, नाही तर जुन्या वैभवाच्या आठवणी काढते. ट्रिनिटीने आपल्या फाटकाबाहेर पाहिले आणि विचारले, शिकायची इच्छा असून आज कोण बाहेर उभे आहे? ते का बाहेर आहे? वेळेमुळे, अंतरामुळे, पैशामुळे, की आपल्याच संकोचामुळे? उत्तर मिळाल्यावर त्यांनी बाहेरच्यांना बदलायला सांगितले नाही, आधी स्वतःची व्यवस्था बदलली.

पालकहो, संस्था चालकांची असते तितकीच तुमची असते. ज्या आया अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला रविवारी ट्रिनिटीत गेल्या, त्यांच्यामुळेच इतरांच्या मुलींसाठी तो दरवाजा उघडा राहिला. घरात आई पुस्तक घेऊन बसली, की मुलीला शिकण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुम्ही ज्या बाकावर बसता तो कुणीतरी तुमच्यासाठी राखून ठेवलेला आहे. शिकून मोठे व्हाल तेव्हा एकदा मागे वळून पाहा, आणि फाटकाबाहेर कुणी उभे असेल तर त्याला हात धरून आत आणा.