जंतू जिवंत, रोगी बरा

प्रतिजैविकाचे काम जंतू मारणे, ही व्याख्या विसाव्या शतकाच्या मध्याला पुरेशी वाटत होती. १९५२ साली बाजारात आलेले एरिथ्रोमायसिनही तिच्यात नीट बसत होते. फिलिपीन्समधील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले आणि पेनिसिलिन न सोसणाऱ्या रुग्णांना त्याचा आधार झाला. या व्याख्येला तडा गेला तो जपानमध्ये.

१९६९ साली होम्मा, यामानाका व सहकाऱ्यांनी 'डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस' या आजाराचे वर्णन केले. त्यात बारीक श्वासनलिका सुजत, सतत बेडका पडे, दम लागे आणि पुढे स्यूडोमोनास हा चिवट जंतू फुप्फुसात मुक्काम ठोकी. १९७०च्या दशकात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६३ टक्के होते.

१९८०च्या दशकाच्या आरंभी डॉ. शोजी कुदो यांच्या पाहण्यात असा एक रुग्ण आला, ज्याची प्रकृती अनपेक्षितपणे सुधारली होती. एक सामान्य डॉक्टर त्याला दीर्घकाळ रोज ६०० मिलिग्रॅम एरिथ्रोमायसिन देत होता. एवढ्याने स्यूडोमोनास मरत नाही. पुस्तकी हिशेबाने ते औषध निरुपयोगीच. कुदोंनी पुस्तकापेक्षा रुग्णावर विश्वास ठेवला आणि इतरांनाही ते देऊन पाहिले. १९८५नंतरच्या रुग्णांत तेच प्रमाण सुमारे ९१ टक्क्यांवर गेले.

बेडक्यात जंतू टिकून असतानाही माणसे सुधारत होती. मग औषध करत काय होते? उत्तर रुग्णाच्याच पेशींत मिळाले. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना तीव्र विकरे सोडतात. त्यांची झुंड हटली नाही, तर श्वासनलिकाच झिजतात. एरिथ्रोमायसिनमुळे या पेशींना बोलावणारा इंटरल्यूकिन-८ हा संदेश मंदावला आणि फुप्फुसातील त्यांची गर्दी ओसरली. पुढे कितासातो संस्थेतील संशोधकांनी एरिथ्रोमायसिनची जंतुनाशक शक्ती काढून टाकलेली रूपे घडवली; प्रयोगांत त्यांचा दाहशामक गुण शिल्लक राहिला. दोन गुण खरोखरच वेगळे होते.

मात्र हा गुण सरसकट कामी येत नाही. त्याच कुळातील अ‍ॅझिथ्रोमायसिन कोविडमध्ये याच आशेने वापरले गेले. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत इस्पितळातील रुग्णांना त्याचा लाभ दिसला नाही. शिवाय अनावश्यक प्रत्येक गोळी जंतूंना प्रतिकार शिकवते. जपानी अनुभवातून घ्यायचे ते एवढेच, की औषध कोणाला मारते याबरोबरच ते कोणाला शांत करते, हेही विचारले पाहिजे.