मनुष्यस्वभावाचीं सोळा घरें

गेल्या दिवाळींत माझी भाची आमच्याकडे आली होती. तिच्या कचेरींतील सर्व मंडळींकडून एक प्रश्नावली भरवून घेण्यांत आली होती, आणि तिचा निकाल म्हणून चार इंग्रजी अक्षरें व त्यांखालीं दोन पानांचें स्वभाववर्णन असा कागद तिला मिळाला होता. फराळ चालू असतांनाच तिनें तो मोठ्यानें वाचून दाखविला. ही व्यक्ति शांत आहे, मोजकींच माणसें जोडते, पुष्कळसें मनांत ठेवते, भांडण टाळते, वगैरे वगैरे. ऐकणारा प्रत्येकजण मान डोलवीत होता. "मामा, हें तर हुबेहूब मीच!" असें ती म्हणाली. त्याच कागदाच्या शेवटीं, या प्रकारच्या माणसांना इतरांवर देखरेख करण्याचें काम सहसा मानवत नाहीं, असाहि मजकूर होता. आणि नेमकें त्याच सुमारास पांच माणसांच्या एका गटाचें प्रमुखपण तिला देऊं केलेलें होतें. तें नाकारावें असें तिनें जवळजवळ ठरविलें होतें. कारण विचारलें, तेव्हां तिनें कागदावर बोट ठेवलें.

आपल्याविषयीं कोणीं लिहिलेल्या चार ओळींवर शिकलेल्या माणसाचाहि इतका विश्वास कां बसावा? या प्रश्नाच्या मागें लागून मीं जें कांहीं वाचलें, त्यांतील थोडेंसें आज आपणांपुढें मांडतों.

माणसांची वर्गवारी करण्याची हौस फार जुनी आहे. ग्रीक वैद्यकानें शरीरांत रक्त, कफ, पिवळें पित्त आणि काळें पित्त असे चार रस मानले, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गेलेन या वैद्यानें त्यांच्या कमीअधिकपणाशीं स्वभावाची सांगड घातली. आपल्याकडे वात, पित्त व कफ या प्रकृति तर घरोघरच्या आजीबाईंनाहि ठाऊक असत. पण चरकसंहितेच्या शारीरस्थानांत याहून बारीक अशी मनाची वांटणी आहे, ती फारशी कोणाच्या लक्षांत नसते. तेथें सात्त्विक माणसांचे सात, राजस माणसांचे सहा आणि तामस माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत. बेरीज सोळा! माझ्या भाचीच्या कागदामागें जी अमेरिकन पद्धति आहे, तिच्यांतहि प्रकार सोळाच आहेत. हा निव्वळ योगायोग होय. त्यावरून सर्व कांहीं आपल्याच पूर्वजांनीं शोधून काढलें होतें असें म्हणण्याचा मोह श्रोत्यांनीं आवरावा.

फरक मात्र पाहण्यासारखा आहे. चरकाच्या तामस प्रकारांचीं नांवें पशु, मत्स्य आणि वनस्पति यांवरून दिलेलीं आहेत. 'आपण मत्स्य प्रकारांत मोडतां' असा कागद आज कोणत्याहि कचेरींत कोणालाहि मिळणार नाहीं. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खांचीं व पढतमूर्खांचीं लक्षणें सांगितलीं; तीं वाचतांना आपणांस बहुधा शेजारी आठवतो. वैद्य वर्गवारी करीत असे ती औषधासाठीं, आणि संत करीत असे तो सुधारणेसाठीं. स्वतःचें वर्णन ऐकण्यासाठीं पदरचे पैसे मोजण्याची चाल मोठ्या प्रमाणावर पडली ती बरीच अलीकडे.

एकोणिसाव्या शतकांत मस्तकसामुद्रिकाची लाट आली. व्हिएन्ना येथील गाल नांवाच्या वैद्यानें असें प्रतिपादन केलें कीं, प्रत्येक गुणाला मेंदूंत स्वतंत्र जागा असते व ती वाढली म्हणजे कवटीला तेथें उंचवटा येतो. अमेरिकेंतील फाउलर बंधूंनीं या मताचें दुकानच थाटलें. त्यांपैकीं लोरेंझो फाउलर पुढें लंडनला जाऊन राहिला. विनोदी लेखक मार्क ट्वेन (हा पुढें १८९६ सालीं मुंबईसहि येऊन गेला) १८७२-७३ च्या सुमारास त्याच्याकडे खोटें नांव सांगून गेला. फाउलरनें डोकें चांचपून सांगितलें कीं, विनोदबुद्धीच्या जागीं येथें उंचवटा तर नाहींच, उलट खळगा आहे. तीन महिन्यांनीं ट्वेन पुनः गेला, आणि या वेळीं त्यानें आपलें खरें नांव सांगितलें. तेव्हां खळगा नाहींसा होऊन त्या जागीं एव्हरेस्ट शिखर उभें राहिलें होतें! ही हकीकत ट्वेननेंच आपल्या आत्मवृत्तांत सांगितली आहे. विनोदी लेखकाच्या साक्षींतून थोडी वजावट करावी हें खरें. पण डोकें चांचपणारा हात नांवहि चांचपीत असतो, एवढें तींतून निश्चित दिसतें.

१८८४ सालीं फ्रान्सिस गाल्टन यानें लंडनच्या एका प्रदर्शनांत एक मापनशाळा उघडली. तीन पेन्स दिले म्हणजे तेथें उंची, दृष्टि, श्रवण, श्वासाचें बळ, मुठीची पकड वगैरे मोजून मिळे. ९,३३७ माणसांनीं तेथें आपलीं मापें घेवविलीं. त्या आंकड्यांचा शास्त्राला उपयोग झाला. परंतु माझें लक्ष त्या तीन पेन्सांवर खिळतें. मोजणाऱ्यानें माणसाला पैसे द्यावयाचे, तर माणसेंच मोजणाऱ्याला पैसे देत होतीं.

माणसाचा स्वभाव खुद्द त्यालाच प्रश्न विचारून काढावयाचा, ही युक्ति पहिल्या महायुद्धांतील आहे. तोफांच्या भडिमारानें ज्यांचीं मनें खचतील असे शिपाई आधींच ओळखतां यावेत, म्हणून वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें 'होय' किंवा 'नाहीं' अशीं उत्तरें द्यावयाची एक प्रश्नावली रचली. ती तयार होईतों युद्ध संपलें. युक्ति मात्र राहिली.

आतां त्या सोळा प्रकारांच्या जन्माकडे वळूं. ही कथा प्रयोगशाळेंत सुरू होत नाहीं, ती एका घरांत सुरू होते. आणि तिचें मूळ आहे जावई. जावयाला दशमग्रह म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. अमेरिकेंतहि तो ग्रह असावा असें दिसतें. कॅथरीन ब्रिग्ज या बाईंची एकुलती एक मुलगी इझाबेल. तिनें क्लॅरन्स मायर्स नांवाच्या, पुढें वकील झालेल्या तरुणाशीं १९१८ सालीं विवाह केला. ब्रिग्ज कुटुंब कल्पनेंत रमणारें. जावई हिशेबी, व्यवहारी, बारीकसारीक तपशील पाहणारा. गृहस्थ सज्जन, पण आपल्यासारखा नाहीं, हें कसें? या कोड्यानें बाईंनीं चरित्रें वाचून माणसांचे चार प्रकार स्वतःच पाडले. पुढें १९२३ सालीं युंग या स्विस पंडिताचा मानसिक प्रकारांवरील ग्रंथ इंग्रजींत आला. मूळ जर्मन ग्रंथ १९२१ चा. अंतर्मुख व बहिर्मुख हे आज सर्वांच्या तोंडीं असलेले शब्द त्यानेंच रूढ केले. तो वाचून बाईंनीं आपलीं टिपणें जाळून टाकलीं, असें सांगतात. त्यांनीं युंगला गुरु मानलें.

दुसरें महायुद्ध सुरू झालें, पुरुष आघाडीवर गेले, आणि कारखान्यांतून व कचेऱ्यांतून स्त्रिया कामाला लागल्या. कोणाला कोणतें काम मानवेल हें ठरविण्यासाठीं कांहीं साधन हवें, असें इझाबेलच्या मनानें घेतलें. तिनें मानसशास्त्राचें रीतसर शिक्षण घेतलेलें नव्हतें; तिच्या नांवावर होती ती बक्षीस मिळविलेली एक गुप्तहेर-कादंबरी. १९४२ च्या सुमारास तिनें प्रश्न रचावयास घेतले, आणि पुढचीं जवळजवळ चाळीस वर्षें, १९८० सालीं मृत्यु येईपर्यंत, तिनें हें काम सोडलें नाहीं. १९६२ सालीं एका मोठ्या परीक्षा-संस्थेनें ही प्रश्नावली केवळ संशोधनापुरती प्रसिद्ध केली. १९७५ पासून ती दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली, आणि मग जगभर पसरली. दक्षिण कोरियांत तर तरुण मंडळी ओळख होतांच एकमेकांस हीं चार अक्षरें विचारतात.

इझाबेलची खरी करामत माझ्या मतें अशी कीं, तिच्या सोळा घरांत एकहि वाईट घर नाहीं. कोणी शांत, कोणी बोलका. कोणी काटेकोर, कोणी मोकळा. आणि सगळेच गुणी. निदान तिच्या मनांत तसें होतें. ज्याला जन्मभर 'घुम्या' म्हणून हिणवलें, त्याला हा कागद प्रथमच सांगतो कीं तुझ्यांत कांहीं उणें नाहीं, तूं केवळ वेगळा आहेस. हें ऐकून कित्येकांचे डोळे भरून येतात. त्यांना हंसण्याचा अधिकार मला नाहीं. सासूला जावई समजावा म्हणून जें निघालें, त्यानें पुष्कळ घरांत थोडी समजूत आणली असेल.

पण त्या कागदांतील वर्णन खरें असतें काय? गुरु मानलेल्या युंगनेंच १९३४ सालीं आपल्या ग्रंथाच्या एका परभाषेंतील आवृत्तीला प्रस्तावना लिहितांना, माणसांना अशा चिठ्ठ्या चिकटविणें हा दिवाणखान्यांतला पोरखेळ आहे, असा अभिप्राय दिला होता.

१९४८ सालीं अमेरिकेंत फोरर नांवाच्या अध्यापकानें आपल्या वर्गांतील ३९ विद्यार्थ्यांना एक स्वभावपरीक्षा दिली. आठवड्यानें प्रत्येकाच्या हातीं त्याचें नांव घातलेलें वर्णन ठेवलें, आणि तें किती जुळतें यासाठीं पांचपैकीं गुण द्यावयास सांगितलें. सरासरी आली ४.२६. नंतर त्यानें उघड केलें कीं, सर्वांना एकच मजकूर दिलेला होता. आणि तो बहुतांशीं रस्त्यावरच्या दुकानांतून आणलेल्या ज्योतिषाच्या पुस्तकांतून उचललेला होता. लोकांनीं आपणांस चांगलें म्हणावें असें तुम्हांस वाटतें, तुमच्या अंगच्या कित्येक शक्ति अजून वापरल्या गेलेल्या नाहींत, अशा तऱ्हेचीं तीं वाक्यें होतीं. श्रोतेहो, यांतलें कोणतें वाक्य आपणांस लागू पडत नाहीं?

इझाबेलची प्रश्नावली इतकी पोकळ नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. जो स्वतःला अबोल म्हणतो, त्याला ती अबोल म्हणते. तिचा दोष दुसरीकडे आहे, आणि तो मास्तरांना चटकन् कळेल. पस्तीस गुणांना पास व चौतीसला नापास हा आमचा नियम. चौतीसवाला आणि पस्तीसवाला हीं मुलें सख्ख्या भावांसारखीं; पस्तीस आणि नव्वद यांत मात्र कोसांचें अंतर. तरी निकालपत्रकांत पहिले दोघे वेगवेगळ्या रकान्यांत जातात. स्वभावाचेंहि तसेंच आहे. बहुतेक माणसें मध्यावर असतात, आणि या पद्धतींत रेघ नेमकी मध्यावरूनच ओढलेली असते. म्हणून थोड्या आठवड्यांनीं तीच परीक्षा पुनः दिली, तर पुष्कळांचें एखादें अक्षर पालटतें. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या एका समितीनें १९९१ सालीं असा निर्वाळा दिला कीं, व्यवसायाचा सल्ला देण्यासाठीं ही परीक्षा वापरावी इतका पुरावा उपलब्ध नाहीं.

मला स्वतःला याहून अधिक बोंचलें तें हार्टशोर्न व मे यांचें १९२८ सालचें संशोधन. त्यांनीं हजारों शाळकरी मुलांना खोटेपणाची संधि मिळेल असे निरनिराळे प्रसंग योजले. गणितांत नक्कल करणारें मूल खेळांत प्रामाणिक राही, आणि याच्या उलटहि घडे. एका प्रसंगावरून दुसऱ्याचें भाकीत फारसें करतां येईना.

हें वाचतांना मला एक मुलगा आठवला. चाळीस वर्षांहून कमीच झालीं असतील. वर्गांत तो तोंडांतून शब्द काढीत नसे. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत लिहिलें, "अबोल. पुढाकार घेत नाहीं." त्यानंतर आठवडाभरानें बाजारच्या दिवशीं मी भाजी आणावयास गेलों. तोच मुलगा बापाच्या शेजारीं कांद्यांच्या ढिगावर उभा राहून गिऱ्हाइकांना हांका मारीत होता. घासाघीस करणाऱ्या एका बाईंना त्यानें असें बिनतोड उत्तर दिलें कीं सभोंवारचीं माणसें हंसलीं. मला पाहतांच तो गप्प झाला. प्रगतिपुस्तक तोंवर बापाच्या सहीसाठीं घरीं गेलेलें होतें. तो शेरा मीं खोडला नाहीं. दुसऱ्या वर्षीं माझ्या जागीं आलेल्या शिक्षकांनीं तोच पुढें उतरून काढला. त्यांचाहि त्रास वांचला.

भाचीला मीं ही गोष्ट सांगितली. ती कांहीं बोलली नाहीं. जानेवारींत तिनें प्रश्नावली आपण होऊन पुनः भरली. एक अक्षर बदललें, आणि नवीन कागदांत देखरेखीच्या कामाविषयीं निराळाच मजकूर निघाला. आतां दोहोंपैकीं कोणत्या कागदाला विचारावें, असें तिनें मला हंसत हंसत विचारलें. गटाचें काम तिनें पत्करलें आहे. तें तिला कितपत साधतें, हें कळावयास अजून कांहीं महिन्यांचा अवधि आहे.