गाडी रस्त्यात बंद पडली तर? डिकीतला लाल त्रिकोण बाहेर काढा

ऊस हंगामात रात्री रस्त्याच्या कडेला बंद पडलेली ट्रॅक्टर-ट्रॉली दिसणं नेहमीचंच. टायर फुटतो, एक्सल तुटतो; चालक मागे चार दगड मांडतो, बाभळीची फांदी टाकतो आणि मेकॅनिकला फोन लावतो. समोरच्या गाडीच्या लाईटने डोळे दिपले, की मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ना फांदी दिसते, ना ट्रॉली.

नियम काय सांगतो?
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८ नुसार चारचाकीसोबत पाने-जॅक, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारा लाल त्रिकोण असावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनीतून सूट मिळाली. त्रिकोणाला मात्र सूट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार धोका होईल अशा रीतीने गाडी किंवा ट्रॉली रस्त्यावर उभी ठेवता येत नाही.

त्रिकोण कशासाठी?
ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ट्रॉली २० मीटरवर दिसली तर हातात सव्वा सेकंद उरतो. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तो संपतो. त्रिकोण ५० मीटर मागे असेल तर आणखी तीन सेकंद मिळतात.

बंद पडल्यावर काय करायचं?
- गाडी होईल तेवढी डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा.
- माणसं रस्त्यापासून लांब उभी करा. गाडीच्या मागे कोणी थांबू नये.
- त्रिकोण समोर धरून कडेने मागे चालत जा. ५० मीटर म्हणजे साधारण ६५ पावलं. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवा.
- चाकाला ठोकळा लावा, मगच जॅक चढवा.
- राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कोणी जखमी असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२.

जुनी गाडी घेताना स्टेपनी सगळेच बघतात, त्रिकोण कोणी विचारत नाही. तो नसेल तर विकत घ्या. सोबत चार्ज केलेली बॅटरीही ठेवा. ट्रॉलीवाल्यांनी मागचे रिफ्लेक्टर चिखल पुसून स्वच्छ ठेवावेत.

आणि दगड मांडलेच असतील, तर गाडी निघताना आठवणीने उचला. ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतात आणि पुढचा दुचाकीवाला त्यावरच आदळतो.