ग्रोनिंगनचा वायू

नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन प्रांतात १९५९ साली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. १९६३ पासून उपसा सुरू झाला आणि काही वर्षांतच देशभरच्या घरांतून कोळसा गेला. धूर नाही, राख नाही. सरकारी तिजोरी भरली ती वेगळीच.

पण सुमारे तीन किलोमीटर खोल खडकातला दाब घटला, खडक दबला, जमीन खचली. १९९१ पासून तिथे धरणीकंप जाणवू लागले. २०१२ साली हाउझिंगला ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. आकडा लहान, पण कंप उथळ. विटांच्या भिंतींना तडे गेले. आणि २०१३ साली उपसा काय केला? चक्क वाढवला! ऊब साऱ्या देशाला, तडे मात्र एकाच प्रांताला.

अखेर १ ऑक्टोबर २०२३ रोजी नियमित उपसा थांबला. घरांची डागडुजी अजून चालूच आहे.