तळ्यातली विमानवाहू जहाजं

आमच्या सिम्युलेटरवरच्या स्क्वाड्रनमध्ये नव्या भिडूंना डेकवर उतरायला शिकवताना मला हटकून 'वूल्व्हरीन' आणि 'सेबल' आठवतात. मुळात या ईरी सरोवरातल्या प्रवासी आगबोटी, कोळशावर चालणाऱ्या, बाजूला अगडबंब चाकं! १९४२-४३ मध्ये अमेरिकन नौदलाने वरचे मजले कापून त्यांवर सपाट डेक बसवलं. खरी विमानवाहू जहाजं लढाईत गुंतलेली, समुद्रात पाणबुड्या. तळ्यात कुठली येतेय पाणबुडी?

ना हँगर, ना लिफ्ट. विमानं शिकागोजवळच्या ग्लेनव्ह्यूहून यायची, पोरं उतरायची, पुन्हा उडायची. वारा पडला की पंचाईत. जहाजांचा वेग बेताचाच, जड हेलकॅटना तो पुरेना. मग त्या दिवशी सुट्टी! तरीही १७,००० हून जास्त वैमानिक इथे तयार झाले. शंभरावर विमानं तळाशी गेली. काही पोरंही गेली, शत्रूचं तोंडसुद्धा न बघता.

त्यातलं एक डॉन्टलेस तर १९४२ च्या मिडवेच्या लढाईतून वाचलेलं. १९४३ मध्ये 'सेबल'वर उतरायच्या सरावात पाण्यात गेलं. १९९४ मध्ये ते वर काढलं. नंतर ते पेन्साकोलाच्या संग्रहालयात ठेवलं गेलं.