चिऱ्याची भिंत आणि घराचा रंग

हल्ली आपल्या भागात नवे घर बांधणाऱ्याची एक हौस हमखास आढळते. एक तरी भिंत गिलावा न करता उघड्या चिऱ्याची ठेवायची, खाली करडी फरशी घालायची आणि बाकीच्या भिंतींना राखी किंवा वाळूसारखा रंग द्यायचा. या हौसेची चेष्टा करण्यासाठी मी उभा नाही. भडक रंगांपेक्षा हे रंग डोळ्यांना निवांत वाटतात, हे कोणीही कबूल करील. परंतु या साधेपणाला इतिहास आहे, आणि तो दिसतो तितका साधा नाही.

प्रथम दगडाविषयी. ऊनपावसाच्या लाखो वर्षांच्या माऱ्याने मूळ खडक कुजतो, त्यातली वाळूची जात धुऊन जाते, आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरते. तोच आपला जांभा. त्याचा तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचा. टिपूच्या पाडावानंतर कंपनी सरकारने फ्रान्सिस बुकॅनन या वैद्याला म्हैसूर-मलबारच्या पाहणीस पाठविले. 1807 साली छापलेल्या आपल्या वृत्तांतात त्याने या दगडाला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. जमिनीत मऊ असतो, लोखंडी हत्याराने विटेसारखा कापला जातो, आणि वारा लागला की टणक होतो, हे त्याने टिपले. म्हणजे शास्त्राला नाव मिळाले ते दगड कापणाऱ्याच्या हातांमुळे.

आता घराविषयी. चिरा सड्यावर पायाखाली होता, म्हणून तो प्रत्येकाच्या भिंतीत होता असे नव्हे. चिरेबंदी असे ते देऊळ किंवा खोताचे घर. कुळाचे घर मातीचे अथवा कुडाचे, वर गवत नाहीतर झावळ्या, आणि जमीन शेणाने सारवलेली. आज ज्याला आपण मातकट, शांत रंग म्हणतो तो त्या घरात होताच. तो कोणी निवडलेला नव्हता. हाताशी होते त्याचा तो रंग होता. गरजेचा रंग आणि आवडीचा रंग डोळ्यांना एक दिसले तरी ते एक नव्हेत.

दुसरी गोष्ट, ज्याच्याजवळ चिरा होता तो तो सहसा झाकीत असे. जांभ्याला भोके असतात, तो पाणी पितो. आपला पाऊस तिरपा मारतो. म्हणून भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वर सफेती. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या चर्चचे उदाहरण पाहा. 1605 साली पूर्ण झालेली ही इमारत जांभ्याची, आणि तिला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. 1950 नंतरच्या दशकात, पोर्तुगीज अमलातच, दगड उघडा शोभून दिसावा म्हणून तो खरवडून काढला. आज तिचे तांबडे रूप सर्वांच्या ओळखीचे झाले आहे. पण पावसाने त्या भिंती झिजत आहेत, आणि गिलावा पुन्हा करावा की नाही यावर वाद चालू आहे. यातून घ्यायचे ते इतकेच, की उघडा चिरा घराच्या आत किंवा पडवीच्या आडोशाला ठेवावा. पावसाच्या तोंडावरची भिंत झाकावी.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. 1664 साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले आणि 1667 मध्ये पुरे झाले. ते उभे करविणाऱ्या शिवाजी महाराजांचे आणि बांधकाम पाहणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव शाळेतले पोरही सांगेल. चिरा तासणाऱ्याचे, डोक्यावर चुना वाहणारीचे नाव कोणी सांगू शकत नाही. हा इतिहास लिहिणाऱ्यांचा दोष मानला तरी, आपण काय निराळे करतो? पूर्वी टिकावाने चिरा काढीत. आता बऱ्याच खाणींत गोल पात्याची यंत्रे आली. काम झपाट्याने होते, पण तांबडी धूळ माणसाच्या छातीत जाते आणि पात्याशी हाताचे अंतर वीतभर राहते. पाऊस लागला की खाणीत पाणी भरते, काम थांबते, आणि बहुधा घाटापलीकडून आलेला मजूर बिऱ्हाड उचलून परत जातो. 1948 सालच्या किमान वेतन कायद्याच्या मूळ परिशिष्टातच दगड फोडण्याचे काम होते. पुढे 2019 च्या वेतन संहितेने त्या कायद्याची जागा घेतली. कायद्याचे नाव बदलले, तरी खाणीवर हजेरीचा कागद मागणारा कोणी लागतोच.

तेव्हा चिऱ्याची भिंत अवश्य घालावी. मात्र शेकडा भाव विचारताना आणखी दोन प्रश्न विचारावेत: यंत्रावरच्या माणसाच्या तोंडाला फडक्याऐवजी चांगली जाळी आहे काय, आणि त्याची मजुरी दर आठवड्याला चुकती होते काय? दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर खाणमालक हसेल. शंभरांनी विचारले तर त्याला उत्तर तयार ठेवावे लागेल.